अडतीस नंबरच्या दोन चिठ्ठ्या

१

डोळ्यांच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीच्या डोळ्यावर पट्टी होती. दुसरीच्या दोन्ही डोळ्यांवर दुधावर साय धरावी तसा पांढरा पडदा होता.

पट्टीवाली म्हातारी खुशीत होती. दान आलेलं बुबुळ तिला आठवड्यापूर्वीच बसवलं होतं. "पाच महिने वाट बघितली हो," ती सांगत होती. "अडतीस नंबर होता माझा. सदतीसची बाई झाली तेव्हापासून रात्री झोप नाही मला."

शेजारची बाई शिंपीण होती. आता सुईत दोरा ओवायलाही तिला दुसऱ्याची विनवणी करावी लागायची. तिने पिशवीत चाचपडून घडी घालून जपलेली चिठ्ठी काढली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारलं, "जरा वाचा हो. यावर किती लिहिलंय?"

"अडतीस."

म्हातारीची चिठ्ठीही वाचली गेली. अडतीसच. दोन्हींवर दवाखान्याचा शिक्का, एकाच प्रिंटरची फिकट शाई. म्हातारीच्या चिठ्ठीवर सोमवारची तारीख, शिंपिणीच्या चिठ्ठीवर त्याच आठवड्यातल्या गुरुवारची.

कॉम्प्युटरमधली यादी उघडली. अडतीसवर म्हातारीचं नाव होतं. शिंपिणीचं नाव कुठेच नव्हतं. पार वरपासून खालपर्यंत नव्हतं.

"माझा डोळा चोरला!" शिंपीण ओरडली, आणि तपासणीची खोली, औषधाची खिडकी, जिना, सगळं एकदम गप्प झालं.

ती म्हातारी दवाखान्याच्या ड्रायव्हरची आई होती. यादी सांभाळणारी बाई महिन्यातून एकदा त्याच ड्रायव्हरच्या गाडीतून बाहेरगावच्या तपासणी शिबिराला जायची. दोन आणि दोन चार करायला लोकांना कितीसा वेळ लागतो? व्यवस्थापकाने तर ते उभ्या उभ्याच केले. "हिचं नाव खोडलं, त्या जागी तिचं घातलं, तारीख मागची टाकली. उद्या एक वाजता मोठ्या डॉक्टरीणबाईंसमोर फैसला. तोवर तुम्ही यादीला हात लावायचा नाही."

यादीवाल्या बाईच्या तोंडून शब्द फुटला नाही. अकरा वर्षं त्या खुर्चीवर बसून तिने एकाचंही नाव पुढे घेतलं नव्हतं. सख्ख्या मामालाही रांगेत उभं केलं होतं, आणि मामा अजून तिच्याशी बोलत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "जाऊबाईंना बोलवा."

तिची थोरली जाऊ याच दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायची. अॅप्रनच्या खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे तिला पक्कडताई म्हणत. स्वयंपाकघरातल्या एका फळीच्या वाटणीवरून दोघी जावांमध्ये तीन महिने अबोला होता.

२

पक्कडताई जेमतेम आठवी शिकलेली. रेडिओ उघडून शिकली, मग अवजारं निर्जंतुक करायची वाफेची भांडी, मग कॉम्प्युटर. चार जाळले तेव्हा पाचवा कळला. तिला शिकवायला कोणी आलं नाही, म्हणून ती कोणाला भीतही नव्हती.

"घरच्या माणसाने चौकशी करायची म्हणजे कुंपणानेच शेत खायचं," व्यवस्थापक म्हणाला.

"साहेब, कुंपण शेत राखण्यासाठीच असतं. खायला लागलं की बोला. मला फक्त यादी दाखवा. हात तुमचा, डोळे माझे."

व्यवस्थापकाने यादी उघडली. पक्कडताईने खुर्ची ओढली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"नाव खोडलं तर तो नंबर दुसऱ्याला मिळतो?"

"नाही. जागा रिकामी राहते. बावीस बघा, माणूस वारला, नाव काढलं. एकवीसनंतर थेट तेवीस."

"मग शिंपीणबाईंचं नाव खोडल्याचं भोक कुठंय?"

"त्या भोकातच तर म्हातारी बसवली!"

"तुम्हीच म्हणालात, नंबर दुसऱ्याला मिळत नाही."

व्यवस्थापकाने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "ताई, मी वशिला लावला असता तर सांगितलं असतं, लावायची अक्कलच नव्हती मला. आईला मी सोमवारी आणलं, रांगेत बसवलं, चिठ्ठी घेतली. आता म्हणतात तुझ्या आईच्या डोळ्यात दुसऱ्याचं बुबुळ आहे. आईने तेव्हापासून पट्टी काढूच दिली नाही. म्हणते, चोरीच्या डोळ्याने काय बघू?"

पक्कडताईने फोन उचलला. यादीतला एकोणचाळीस नंबरचा माणूस न्हावी होता. "तुमची चिठ्ठी काढा. तारीख वाचा."

"मंगळवार," पलीकडून आवाज आला.

चाळीस नंबर एका निवृत्त मास्तरीणबाईंचा. त्याच आठवड्यातला बुधवार.

पक्कडताईने फोन ठेवला. "साहेब, मंगळवारी एकोणचाळीस, बुधवारी चाळीस. आता सांगा, त्यानंतर गुरुवारी येणाऱ्या बाईला अडतीस कसा मिळेल? पुढे चालणारी मोजणी एका दिवसात मागे कशी गेली? माझ्या जावेने तारीख फिरवली म्हणता, तर न्हाव्याच्या घरी पेटीत पडलेल्या चिठ्ठीवरची तारीख काय जादूने फिरवली?"

ड्रायव्हर आईला सांगायला वळला. त्याच्या आईचा डोळा तिचाच होता.

पण व्यवस्थापक हरायला तयार नव्हता. "म्हणजे शिंपिणीची चिठ्ठी खोटी. गुरुवारी यादीवर कोण होतं?"

सगळ्यांना माहीत होतं. यादीवाली बाई शिबिराला गेली की त्या खुर्चीवर ऑपरेशन थिएटरची सिस्टर बसायची.

३

सिस्टर थिएटरमध्ये कात्र्या मोजत होती. तीस वर्षांची नोकरी. तिच्या हातून आजवर एक सुईही हरवली नव्हती.

"बातमी कळली मला," ती वळून न बघता म्हणाली. "एक जाऊ सुटली, आता माझी पाळी."

"सिस्टर, मी चोर शोधायला आले नाही."

"मग कशाला आलात? माझी विचारपूस करायला?"

"त्या गुरुवारी तुम्ही काय काय केलं, ते सांगा. अगदी खुर्चीवर बसल्यापासून."

सिस्टरने कात्री ठेवली. "बसल्यापासून कशाला, बसायच्या आधीपासून सांगते. आमच्यात चीर द्यायच्या आधी ट्रेमध्ये सगळं मांडलेलं लागतं. मधेच हे आणा, ते आणा, असलं मला चालत नाही. तिथेही तसंच. प्रिंटरला कागद लावला, शिक्क्याला शाई दिली, खणातली ती राखाडी डिस्क काढून जोडली. सगळं जागच्या जागी आलं, मग कॉम्प्युटर चालू केला."

"डिस्क कशाला?"

"संध्याकाळी यादीची प्रत घ्यायची असते ना तिच्यावर. तुमच्या जाऊबाईंनीच सांगितलंय. पण ते प्रत घ्यायचं बटण माझ्या हाताखाली कधी चाललंच नाही. दाबलं की 'डिस्क सापडत नाही'. समोर तर दिवा लुकलुकतोय! मी म्हटलं, यंत्राला माझा हात आवडत नसेल."

"दिवा कधी लुकलुकायचा?"

"दिवसभर. आणि यंत्र कसलं रडतखडत चालायचं! गरोदर बाईने जिना चढावा तसं. बाकी मी आत काही बघत नाही. 'नवी नोंद' दाबायचं, नाव भरायचं, चिठ्ठी द्यायची. शिंपीणबाई मला चांगल्या आठवतात. माझ्या बाहीची शिवण बोटाने चाचपून म्हणाल्या, ही उसवणार आहे. दुसऱ्या दिवशी उसवली." सिस्टरने दोन्ही हात पुढे केले. "पक्कडताई, मी ते नाव या बोटांनी भरलंय. माझ्या डोळ्यांदेखत भरलंय. आता मला वेडी ठरवणार असाल तर ठरवा."

पक्कडताई परत यादीपाशी आली. शिबिर दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पाच महिन्यांचे पाच गुरुवार यादीत शोधले.

पहिला गुरुवार कोरा. दुसरा कोरा. तिसराही.

तिने फोनवर सिस्टरला विचारलं, "बाकीच्या गुरुवारी कोणीच आलं नव्हतं का हो?"

"आलं नव्हतं कसं? दर वेळी एखादं तरी नाव असायचंच."

हरवलेली शिंपीण एकटी नव्हती.

४

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी जाऊ भांडी घासत होती. एकच पातेलं चौथ्यांदा.

"त्याचा तळ जाईल," पक्कडताई म्हणाली.

तीन महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य. धाकटी वळली नाही. "जाऊ दे. माझीही नोकरी जाणारच आहे."

"रडायचं असेल तर आधी रडून घे. मग मला उत्तरं दे."

"तुमच्यासमोर रडू? सहा महिने ऐकवाल."

"वर्षभर ऐकवेन. ती राखाडी डिस्क कोणी दिली?"

धाकटीने हात पुसले. पाच महिन्यांपूर्वी दवाखान्याने आपल्या कॉम्प्युटरवाल्याला कमी केलं होतं. कॉम्प्युटर ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीची सगळी बैठक त्याने एकट्याने मांडलेली. जायच्या दिवशी तो उशिरापर्यंत थांबला होता.

"रागाने गेला तो," पक्कडताई म्हणाली. "जाता जाता काही घाण करून गेला असेल?"

"तो? जाऊबाई, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं करू नका. निरोपाच्या दिवशी लोक हारतुरे घेतात; तो डिस्क भरत बसला होता. म्हणाला, 'माझ्यामागे इथे कोणी बघणार नाही. यंत्र मेलं तर घाबरू नका. ही डिस्क जोडा आणि चालू करा, जसंच्या तसं उठेल.'"

पक्कडताईच्या हातातला कप ओठापाशी थांबला. "काय म्हणाला? पुन्हा बोल."

"जसंच्या तसं उठेल."

"म्हणजे त्याने नुसती यादी नाही ठेवली. अख्खं यंत्र उतरवून ठेवलं. तू ती डिस्क कधी जोडतेस?"

"संध्याकाळी. सगळं काम झालं की जोडायची, प्रत घ्यायची, काढून खणात."

"आधी कधीच नाही? सकाळी, चालू करायच्या आधी?"

"कशाला? सकाळी कसली प्रत?"

पक्कडताई उठली, तिने जावेच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि फळीवर ठेवलं. ज्या फळीवरून अबोला सुरू झाला होता, त्याच फळीवर, आणि धाकटीच्या बाजूला.

"उद्या मान वर करून ये," ती म्हणाली. "तू खोटं बोलत नाहीस. आणि सिस्टरही खोटं बोलत नाही."

"मग खोटं कोण बोलतंय?"

"कोणीच नाही. हीच तर पंचाईत आहे."

५

एक वाजता डॉक्टरीणबाई आल्या. व्यवस्थापक, सिस्टर, धाकटी जाऊ, ड्रायव्हर, आणि भिंतीला टेकून शिंपीण. तिला दिसत नव्हतं, पण जायला सांगितल्यावर ती म्हणाली होती, "माझ्याच डोळ्याची पंचायत आहे. ऐकते तरी."

पक्कडताईने बंद कॉम्प्युटरवर हात ठेवला.

"यंत्र चालू केलं की सगळ्यात आधी त्यातला दारवान जागा होतो. बूट लोडर म्हणतात त्याला. त्याचं काम एकच. ज्या घरात लिनक्स राहतं ते घर शोधायचं आणि दार उघडायचं. एकदा दार उघडलं की त्याची नोकरी संपली. घर तो कसं ओळखतो? प्रत्येक डिस्कच्या कप्प्याला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, त्यावरून. जगात दुसरा तसा नसतो."

"मग अडचण काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अडचण ही." तिने राखाडी डिस्क टेबलावर ठेवली. "जुन्या कॉम्प्युटरवाल्याने ही आतल्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली. इतकी हुबेहूब, की ओळख क्रमांकही तोच आला. तोंडावळा तोच, दारावरची पाटी तीच. दारवानाने कुठल्या घरात शिरायचं?"

"आतल्या."

"तुम्ही शिराल. त्याला आत-बाहेर कळत नाही. जे आधी सापडेल त्यात तो शिरतो, आणि या यंत्रात बाहेर लावलेली डिस्क आधी मोजली जाते. गेल्या वर्षी नोंदणीच्या खिडकीवर कोणीतरी पेनड्राइव्ह विसरला होता. सकाळी काळा पडदा, यंत्र उठेना. अर्धा दिवस घालवला मी. कारण एवढंच, की त्या पेनड्राइव्हमुळे डिस्कांची मोजणी सरकली होती. तेव्हा यंत्र अडलं म्हणून कळलं. इथे अडलं नाही. हसतमुखाने चुकीच्या घरात गेलं."

तिने डिस्क न जोडता कॉम्प्युटर चालू केला आणि यादी उघडली. अडतीस: ड्रायव्हरची आई. यंत्र बंद केलं. मग डिस्क जोडली आणि पुन्हा चालू केलं. या वेळी ते सावकाश, धापा टाकत उठलं. डिस्कचा दिवा थांबायचं नाव घेईना. समोरचा पडदा तोच, खुणा त्याच, कुठे केसाचा फरक नाही. तिने यादी उघडली.

अडतीस: शिंपीणबाई.

सिस्टरने तोंडावर हात ठेवला.

"कॉम्प्युटरवाला शुक्रवारी गेला. तेव्हा यादीत सदतीस नावं होती," पक्कडताई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात माझ्या जावेने आतल्या यादीत अडतीस, एकोणचाळीस, चाळीस भरले. गुरुवारी सिस्टर आल्या. थिएटरची सवय, सगळं आधी मांडायचं आणि मग सुरुवात करायची. डिस्क आधी, यंत्र नंतर. यंत्र नकलेवर उठलं. रोजची प्रत डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात पडते, त्यामुळे नकलेला वाटलं, अजून सदतीसच झालेत. म्हणून तिने अडतीस दिला. प्रत घ्यायचं बटण बाहेरची डिस्क शोधत होतं, आणि सिस्टर त्या डिस्कच्या पोटातच बसल्या होत्या. ती सापडणार कुठून? संध्याकाळी डिस्क खणात गेली, आणि शिंपीणबाईही खणात गेल्या. दोघींनी आपापलं काम चोख केलं. दोघींमध्ये फरक फक्त कशाआधी काय, एवढाच."

डॉक्टरीणबाई पडद्याजवळ वाकल्या. "अडतीसच्या खाली आणखी नावं आहेत."

"एकूण पाच. पाच गुरुवारची. त्यातल्या चौघांना अजून पत्ताही नाही की आपण रांगेतच नाही. ते घरी बसून फोनची वाट बघतायत."

व्यवस्थापकाने घसा साफ केला. दोष अडकवायला त्याला नवी मान सापडली होती. "थोडक्यात, चूक सिस्टरची. मेमो काढतो."

"खबरदार!"

हा आवाज पक्कडताईचा नव्हता. धाकटी जाऊ उभी राहिली होती. काल ज्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तेच हे तोंड.

"काल मी चोर होते, आज सिस्टर. उद्या झाडूवाली? अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. तुम्हाला चोर नसतानाही फाशीची हौस आहे! डिस्क आधी जोडू नये हे मला तरी कुठं ठाऊक होतं? सांगणारा माणूस तुम्ही काढलात. त्याच्या जागी पाच महिन्यांत कोणी आणलं नाही. सिस्टरना त्या खुर्चीवर बसवलंत तेव्हा शिकवायला दोन तास तरी दिलेत? मेमोच काढायचा असेल तर तीन काढा. माझा, सिस्टरचा आणि तुमचा."

"तुमचा आधी," पक्कडताईने व्यवस्थापकाकडे बोट करून दुरुस्ती केली.

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "मेमो कोणाचाच निघणार नाही. त्या कॉम्प्युटरवाल्याला मी स्वतः फोन करते. या डिस्कचा ओळख क्रमांक आजच बदला. पाचही नावं त्यांच्या नोंदणीच्या तारखेप्रमाणे यादीत घाला." त्या धाकटीकडे वळल्या. "तुमच्या खुर्चीवर बसा."

६

धाकटी खुर्चीवर बसली. डिस्कवरची पाच नावं तिने एकेक करून यादीत घातली, तारखेच्या जागी. पक्कडताई शेजारी उभी राहून आकडे तपासत होती आणि मधूनमधून "वेलांटी चुकली" म्हणत होती. वेलांटी चुकलेली नव्हती.

मग धाकटीने बाकीच्या चौघांना फोन केले. काय झालं ते लपवलं नाही. एक जण शिव्या देऊन मोकळा झाला. तिने ऐकून घेतलं.

शिंपीण तोवर समोरच्या स्टुलावर बसून होती.

"काल मी सगळ्यांसमोर ओरडले," ती म्हणाली.

"तुमचं नाव नव्हतं. ओरडायलाच हवं होतं. तुम्ही गप्प बसला असतात तर पाचही जण त्या खणात पडून राहिले असते."

"आता खरं सांगा. माझा नंबर कितवा?"

धाकटीला क्षणभर वाटलं, हिला आजच, या घडीला पहिला नंबर द्यावा. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच वाटलं. पण न्हाव्याची चिठ्ठी मंगळवारची होती, मास्तरीणबाईंची बुधवारची.

"तिसरा. तुमच्या पुढे दोघं आहेत. ते तुमच्याआधी आले होते."

शिंपिणीची बोटं मांडीवर न दिसणारी शिवण घालत होती. "तिसरा," ती म्हणाली. "बरं. पण मला काय दिसतंय? काल चिठ्ठी होती, तरी नाव नव्हतं. वाचून दाखवा."

धाकटीने पडद्यावरचं वाचलं. नाव, वय, काम शिवणाचं, दोन्ही डोळे, नोंदणी गुरुवारची.

"पुन्हा एकदा."

तिने पुन्हा वाचलं, आणखी सावकाश.

"मला आता कागदावर भरवसा नाही," शिंपीण उठत म्हणाली. "मी येत राहणार. आले की तुम्ही असंच वाचून दाखवायचं. चालेल?"

"चालेल. कधीही या." धाकटीने तिचा हात धरून तिला दारापर्यंत नेलं. दारात सिस्टर उभी होती, आत यावं की नको अशी. धाकटीने शिंपिणीचा हात तिच्या हातात दिला. "आणि शिबिराच्या गुरुवारीसुद्धा या. मी नसेन, पण सिस्टर वाचून दाखवतील."